‘ठीक आहे गं’ म्हणाली, तेव्हाच थांबायला हवं होतं

मे महिन्यात फ्रान्समध्ये सुट्ट्यांची नुसती रेलचेल असते. त्यातला येशूच्या स्वर्गारोहणाचा सण नेहमी गुरुवारी येतो. मग शुक्रवारची रजा टाकली की चार दिवस सलग मोकळे. इथले लोक याला ‘पूल करणं’ म्हणतात. लिओंमध्ये मास्टर्स करायला आल्यावर फ्रेंच भाषेतलं आम्ही सगळ्यात आधी काय शिकलो असू, तर हा पूल.

आम्ही म्हणजे मी आणि माझी रूममेट. मी नाशिकची, ती सांगलीची. दोघींनाही सह्याद्रीत फिरायची सवय. त्यामुळे पॅरिस-बिरिस सोडून आम्ही त्या चार दिवसांत ‘स्टीव्हन्सनची वाट’ चालायचं ठरवलं. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा हा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७८ मध्ये मध्य फ्रान्सच्या डोंगराळ भागात मॉदेस्तीन नावाच्या गाढविणीला घेऊन १२ दिवस चालला आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं. आज त्या वाटेला जीआर ७० असं नाव आहे. अख्खी वाट चालायला बारा-तेरा दिवस लागतात. आम्हाला फक्त पहिले तीन दिवस चालायचं होतं: ल प्वी या शहरातून निघायचं, शनिवारी संध्याकाळी लांगोन्यला पोचायचं आणि रविवारी तिथून रेल्वेने परत.

ल प्वीला उतरल्यावर पहिल्यांदा घरची आठवण आली ती दगडामुळे. आपल्याकडे असतो तसाच काळा, ज्वालामुखीचा दगड. घरं त्याची, कुंपणं त्याची. गुरुवारी रात्री मुक्कामाच्या जागी, म्हणजे ट्रेकर लोकांसाठीच्या ‘जीत’मध्ये, जेवायला तिथली प्रसिद्ध हिरवी मसूर होती. रूममेट म्हणाली, “फोडणी असती तर मी इथेच स्थायिक झाले असते.” शुक्रवारी आम्ही गुदे नावाच्या गावाशी ल्वार नदी ओलांडली. फ्रान्समधली सगळ्यात लांब नदी इथे मात्र आपल्या गावच्या ओढ्याएवढी दिसते. मग समोरचा उभा चढ, आणि संध्याकाळी सुमारे १२०० मीटर उंचीवरचं ल बुशे-सँ-निकोला हे गाव.

तिथे तिने जेवणाचं ताट बाजूला सरकवलं.

चीज बाधलं असेल

“बेंबीपाशी दुखतंय जरा,” ती म्हणाली. मी सॅकमधून ओवा काढला. माझ्या आईने दिलेल्या औषधांच्या पिशवीत ओवा, हिंग, ओआरएस, तापाच्या गोळ्या असं सगळं असतं. ओवा दिला, गरम पाणी दिलं आणि दुपारी खाल्लेल्या चीजवर सगळं खापर फोडून मी झोपले.

सकाळी ती उठून तयार होती. मी विचारलं, “कसं वाटतंय?” ती म्हणाली, “ठीक आहे गं.”

या ‘ठीक आहे’बद्दल मला थोडं बोलायचं आहे. आपण सगळेच ते म्हणतो. परीक्षेचा पेपर फसला तरी ठीक आहे, ब्रेकअप झालं तरी ठीक आहे. ती तर सांगलीची, तिच्या घरी ताप आला तरी कॉलेज बुडवायचं नाही ही शिस्त. पण मी तिच्यासोबत दीड वर्ष राहिले होते. सकाळी पहिला चहा घेतल्याशिवाय ती कुणाशी बोलत नाही हे मला माहीत होतं. त्या सकाळी तिने चहा घेतला नाही, पावाला हात लावला नाही, आणि बुटाची लेस बांधताना वाकली तेव्हा क्षणभर तशीच थांबली. हे सगळं मी पाहिलं. पाहूनही ‘ठीक आहे’ हा शब्द उचलला, कारण तो मला सोयीचा होता. लांगोन्यचा मुक्काम बुक केलेला होता. पैसे भरलेले होते.

वाटेतल्या एका गावात मेडिकलचा हिरवा क्रॉस दिसला. पण शनिवारची दुपार झाली होती, दार बंद होतं. दारावर ड्यूटीवरच्या मेडिकलची माहिती चिकटवलेली होती. इथे रात्री आणि सुट्टीच्या दिवशी आळीपाळीने एखादं मेडिकल उघडं ठेवतात. तो नंबर लावायला मला दोन मिनिटं लागली असती. त्याऐवजी मी मॅप बघितला आणि म्हणाले, “आता निम्म्याच्या पुढे आलोय. चल, होईल.”

आजही हा लेख लिहिताना त्या वाक्याशी मी अडते.

तासाभराने ती शेताच्या कुंपणाला टेकून खाली बसली. एक हात पोटावर, आता उजवीकडे खाली. चेहरा पांढरा पडलेला. कपाळाला हात लावला तर ताप. माझ्या फोनला रेंज नव्हती. आजूबाजूला पिवळ्या फुलांची झुडपं, गाई, आणि लांबवर धूर निघणारं एक घर.

पंधरा नंबर

तिला तिथेच बसवून मी त्या घराकडे पळाले. दार उघडलं ते सत्तरीच्या एका शेतकरी बाईंनी. माझं फ्रेंच बेताचं, त्यात दम लागलेला. “मैत्रीण, पोट, खूप दुखतंय” एवढंच जमलं. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. आपली गाडी काढली, रूममेटला मागच्या सीटवर घालून घरी आणलं, सोफ्यावर पाय दुमडून झोपवलं आणि भिंतीवरच्या फोनवरून १५ नंबर फिरवला.

आपल्याकडे १०८ आहे तसा फ्रान्समध्ये १५. पण एक फरक तिथे कळला. आधी एक जण फोन उचलतो, कुठून बोलताय, नंबर काय, हे लिहून घेतो. मग फोनवर खरोखरचा डॉक्टर येतो. तो प्रश्न विचारतो आणि ठरवतो की नुसता सल्ला पुरे, डॉक्टरकडे पाठवायचं, की गाडी पाठवायची. म्हणजे पेशंटजवळच्या माणसाला उत्तरं देता यायला हवीत. फोन माझ्या हातात दिला गेला.

दुखणं कधी सुरू झालं? कुठे सुरू झालं, आता कुठे आहे? उलटी? ताप? खोकल्यावर जास्त दुखतं का? शेवटची पाळी कधी? गरोदर असण्याची शक्यता? अनोळखी घरात, अनोळखी बाईंसमोर, मी हे प्रश्न मराठीत विचारत होते आणि ती डोळे मिटून उत्तरं देत होती. लाजायला आम्हा दोघींनाही वेळ नव्हता. डॉक्टर शेवटी म्हणाले, गाडी पाठवतोय, तोवर तिला काहीही खायला-प्यायला देऊ नका. मादाम तोपर्यंत तिच्यासाठी कसल्याशा पाल्याचा गरम काढा घेऊन आल्या होत्या. तो मीच प्यायले.

वीसेक मिनिटांनी लाल गाडी आली, ती अग्निशमन दलाची. मला वाटलं, चुकीचा नंबर लागला. पण फ्रान्सच्या खेड्यांत अनेकदा हेच लोक आधी पोचतात. त्यांना ‘पाँपिए’ म्हणतात आणि त्यांच्यातले बहुतेक स्वयंसेवक असतात, म्हणजे आपापली नोकरी-धंदा सांभाळून हे काम करणारे. आमच्याकडे आलेल्या तिघांपैकी एक जण बेकरी चालवणारा होता. हातांना अजून पिठाचा वास होता. डॉक्टर जिथे कमी आणि लांब आहेत अशा भागांना इथे ‘वैद्यकीय वाळवंट’ म्हणतात. त्या वाळवंटात हे बेकर आणि शेतकरीच आधी धावून येतात.

मी पुढच्या सीटवर बसले. गाडी हायवेला लागली आणि पाऊण तासाच्या आत आम्ही पुन्हा ल प्वीत होतो. तीन दिवस जे चाललो होतो, ते खिडकीतून उलटं जाताना दिसलं.

दहापैकी किती?

इमर्जन्सीमध्ये नर्सने तिला विचारलं, “शून्य ते दहा, किती दुखतंय?” ती म्हणाली, “चार.”

मी मध्ये पडले. मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं की ही कालपासून जेवलेली नाही, वाकून चालतेय, आणि ही कधीच तक्रार करत नाही. नर्सने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि काहीतरी लिहिलं. दुखणं तिचं होतं, आकडा सांगायचा हक्कही तिचाच. पण मी काय पाहिलं, ते सांगणं माझं काम होतं. तेवढं मला त्या क्षणी तरी कळलं.

तिला दुसरीच धास्ती होती. “बिल किती येईल गं? माझं हेल्थ कार्ड अजून आलेलं नाही.” आदल्या दिवसापासून ती गप्प होती ती यामुळेसुद्धा, हे तेव्हा कळलं. फ्रान्समध्ये शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना सरकारी आरोग्य विम्यात नाव नोंदवता येतं आणि त्या नोंदणीला पैसे पडत नाहीत. तिने ती केली होती, फक्त हिरवं कार्ड यायचं राहिलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी तिच्या मोबाइलमधलं प्रमाणपत्र बघितलं आणि काम झालं. आधी डिपॉझिट भरा, असं कुणी म्हणालं नाही. विमा सगळेच पैसे देत नाही, थोडा हिस्सा आपल्याकडे राहतो. पण नंतर घरी जे बिल आलं, ते आमच्या खोलीच्या भाड्यापेक्षा कमी होतं. त्या भीतीपोटी ती एक अख्खी रात्र आणि अर्धा दिवस दुखणं अंगावर काढत होती.

सोनोग्राफी झाली. अपेंडिक्स. आज रात्रीच ऑपरेशन.

मग एक फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, ‘विश्वासाची व्यक्ती’. फ्रान्समध्ये २००२ च्या कायद्याने पेशंटला हा हक्क दिला आहे. आपल्याला बोलता येईनासं झालं तर डॉक्टरांनी कुणाशी बोलावं, ते नाव पेशंट स्वतः लेखी देतो. त्यासाठी नातेवाईकच असावं लागतं असं नाही. एरवी इथे डॉक्टर सोबतच्या माणसाला सहसा काही सांगत नाहीत, अगदी दाराबाहेर उभं करतात. तिने माझं नाव लिहिलं. सही केली आणि माझा हात धरून म्हणाली, “एक प्रॉमिस कर. आईला सांगायचं नाही. तिला बीपी आहे. सगळं झाल्यावर मी सांगेन.”

मी प्रॉमिस केलं.

फाईल आईच्या डोक्यात

साडेआठच्या सुमारास भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. त्या इंग्रजी बोलत होत्या. आधी कधी ऑपरेशन झालंय? दमा? कुठल्या औषधाची ॲलर्जी?

“नाही,” रूममेट म्हणाली. मग जरा थांबून, “लहानपणी एका औषधाने अंगभर पुरळ उठलं होतं. नाव माहीत नाही. आईला माहीत आहे.”

डॉक्टरांनी पेन थांबवलं. अँटिबायोटिक होतं का? माहीत नाही. किती वर्षांची होतीस? माहीत नाही. श्वासाला त्रास झाला होता? माहीत नाही.

मला तिच्याबद्दल काय काय माहीत होतं! तिचा नेटफ्लिक्सचा पासवर्ड, तिचे दोन्ही क्रश, ती कोणत्या गाण्यावर रडते ते. हे नव्हतं माहीत. आणि तिलाही नव्हतं. आपल्यापैकी कितीजणांना असतं? ताप आला की आई डॉक्टरकडे नेते, डॉक्टरांशी आईच बोलते, गोळ्या आईच देते. आपली सगळी मेडिकल फाईल आईच्या डोक्यात असते, आणि आपण ती तिथेच ठेवून विमानात बसतो.

“मी काकूंना फोन करते,” मी म्हणाले.

“नको. तू प्रॉमिस केलंयस.” पेनकिलरमुळे तिचा आवाज जड झाला होता, पण शब्द स्पष्ट होते.

मी दोन मिनिटं मागितली आणि बाहेर आले. कॉरिडॉरमध्ये उभी राहून फोनकडे बघत होते. भारतात मध्यरात्रीचे बारा. रात्री बाराला परदेशातून फोन आला की आईच्या पोटात काय होतं, ते मला चांगलं ठाऊक होतं. आणि तिने तासाभरापूर्वी ‘विश्वासाची व्यक्ती’ म्हणून माझं नाव लिहिलं होतं.

फोन लावला. दुसऱ्या रिंगला काकूंनी उचलला.

“काकू, घाबरू नका. आम्ही हॉस्पिटलमध्ये आहोत. तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे. ती शुद्धीवर आहे, बोलतेय. मला एकच विचारायचंय, लहानपणी तिला कुठलं औषध सोसलं नव्हतं?”

मला वाटलं होतं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, मग त्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षाही शांत. “पेनिसिलिन. दुसरीत होती. ओठ सुजले होते, श्वास लागला होता. पेनिसिलिन द्यायचं नाही म्हणावं. लिहून दे त्यांना. आणि ताप किती आहे?”

मी आत जाऊन सांगितलं. डॉक्टरांनी सुजलेल्या ओठांबद्दल पुन्हा एकदा विचारलं, कागदावर ठळक लिहिलं, लाल रंगाची एक पट्टी तिच्या मनगटाला बांधली आणि अँटिबायोटिक बदललं. रूममेटने माझ्याकडे बघितलं नाही. तिला आत नेलं तेव्हाही नाही.

दाराबाहेरचे दोन तास

सोबतच्या माणसाचं काय होतं, याबद्दल कुणी सांगत नाही. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पायांत अजून चिखलाचे बूट. एका नर्सने पाव आणि सफरचंदाच्या गराची छोटी डबी हातात ठेवली आणि खाईपर्यंत उभी राहिली. दर पंधरा मिनिटांनी काकूंना ‘अजून आत आहे’ असा मेसेज टाकत होते. समोरून दर वेळी लगेच दोन निळ्या टिक यायच्या. सांगलीत त्या रात्री कुणी झोपलं नाही. पण न कळवता सकाळी फोन गेला असता, तर पुढच्या कित्येक रात्री त्या झोपल्या नसत्या, असं मी स्वतःला सांगत होते. खरं काय, ते मला अजूनही नक्की माहीत नाही.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, नीट झालं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर अपेंडिक्स फुटलं असतं. ते हे सहज म्हणाले. मला त्या हिरव्या क्रॉसखालचं बंद दार आठवलं.

ल प्वी हे पदयात्रेचंही गाव आहे. सांतियागोच्या यात्रेची एक मोठी वाट इथून निघते, त्यामुळे यात्रेकरूंच्या मुक्कामात मला एक पलंग मिळाला. रविवारी सकाळी काठ्या घेऊन निघालेल्या लोकांच्या उलट्या दिशेने चालत मी हॉस्पिटलमध्ये पोचले. ती उशीला टेकून बसली होती, फोनवर आईशी बोलत. फोन ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाली, “तू सांगायला नको होतंस.” थोड्या वेळाने म्हणाली, “मीच विचारायला हवं होतं तिला. कधीच विचारलं नाही.” दिवसभर आम्ही फार बोललो नाही. संध्याकाळी तिने विचारलं, “चहा मिळेल का इथे?” तेव्हा मला कळलं की ती बरी होतेय.

मंगळवारी घरी आलो. तीन आठवडे जड उचलायचं नाही, म्हणून तिची सॅक पुढे अडकवून आणि माझी मागे, अशी मी ट्रेनमध्ये चढले. लांगोन्यच्या जीतवालीने पैसे परत पाठवले होते. मादामला आम्ही पोस्टकार्ड पाठवलं.

सोबत कुणी आजारी पडलं तर

• शब्दांपेक्षा बदल बघा. जेवण बंद, चाल बदलली, गप्प झालं, तर ‘ठीक आहे’वर विश्वास ठेवू नका. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारं, हालचालीने वाढणारं दुखणं आणि सोबत ताप, हे थांबण्याचं लक्षण आहे. प्रत्येकाला असंच होतं असं नाही, म्हणून शंका आली तरी फोन करा.

• फ्रान्समध्ये वैद्यकीय मदतीसाठी १५, आणि युरोपियन युनियनमध्ये कुठेही ११२. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून ११२ लागू शकतो. अजिबातच रेंज नसेल तर सरळ जवळच्या घराचं दार वाजवा.

• दुखणं कधी, कुठे सुरू झालं, कोणती गोळी किती वाजता दिली, ते लिहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.

• थोड्या दिवसांच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतोच. त्या पॉलिसीवरचा मदतीचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये हवा. विद्यार्थी असाल तर सरकारी विम्याचं प्रमाणपत्र मोबाइलमध्ये डाउनलोड करून ठेवा.

• निघण्यापूर्वी एकमेकांना तीन गोष्टी विचारा: ॲलर्जी, रोजची औषधं, आणि काही झालं तर कुणाला कळवायचं. तिसरा प्रश्न आधीच विचारलात, तर कॉरिडॉरमध्ये उभं राहून प्रॉमिस मोडायची वेळ येणार नाही.

आता आमच्या फ्रिजवर दोन कागद आहेत, एक तिचा, एक माझा. माझा भरायला मी आईला फोन केला. लहानपणी मला काय काय झालं होतं, विचारलं. ती आधी घाबरली, “का गं, बरी आहेस ना?” मग तिने बोलायला सुरुवात केली आणि अर्धा तास बोलत होती. गोवर, तिसरीतला टायफॉइड, एक इंजेक्शन दिल्यावर आलेली चक्कर. यातलं एकही मला माहीत नव्हतं. इंजेक्शनचं नाव मी दोनदा विचारून, स्पेलिंगसकट लिहून घेतलं.